नऊ वाजता पाडा लावतात

१

"तिला अजून सेव्ह करू नका," सासूबाई म्हणाल्या.

मी पडद्याच्या अलीकडे उभी होते, हातात चहाचे दोन कप. पडद्यापलीकडे आमचं दुकान, अलीकडे आमचं घर. लग्नाला पाच आठवडे झाले होते आणि घरात दुसरी कुणी 'ती' नव्हती.

"कागद जमलेत सगळे," सासऱ्यांचा आवाज. "आधार, लग्नाचा दाखला, फोटो. फोल्डरपण केलाय. नुसती जागा ठेवायची."

"ऱ्हाऊ द्या म्हटलं ना. आत्ता नको."

मी दोन पावलं मागे गेले, ओट्यावर एक भांडं मुद्दाम वाजवलं आणि मग चहा घेऊन आत शिरले. दोघांनी कप घेतले. साखर कमी आहे असं कोणी म्हणालं नाही, म्हणजे ती कमी होती. सासूबाईंनी माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. मीही केलं. नव्या घरात हे काम दिवसातून वीस-पंचवीस वेळा करावं लागतं.

२

आमचं दुकान उधव्याच्या रस्त्याला लागून आहे. सातबारा, जातीचा दाखला, रेशनकार्डात नाव घालणं-काढणं, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स. संदीप, म्हणजे माझा नवरा, फोटो आणि झेरॉक्स बघतो. ऑनलाइनची कामं लॅपटॉपवर होतात. लॅपटॉपच्या बाजूला एक जुना कॉम्प्युटर आहे, फुगीर काचेचा, टीव्हीसारखा. त्यावर एकच काम होतं. तो सासऱ्यांचा.

त्यात 'पाडा' नावाचा फोल्डर आहे. आत बत्तीस फोल्डर, पाड्यातल्या बत्तीस घरांचे. पण ते ओळीत नाहीत. कुठे दोन चिकटून, कुठे एक लांब एकटा, आणि मधून एक वाकडी मोकळी पट्टी गेलेली. पहिल्या दिवशी मला तो पसारा वाटला. मी ते सगळं नावाप्रमाणे ओळीत लावणार, तेवढ्यात संदीपने माझं मनगट पकडलं. चारचौघांत त्याने पहिल्यांदा माझा हात धरला, तो असा.

"तो ओहळ आहे," मोकळ्या पट्टीकडे बोट दाखवून तो म्हणाला. "आणि हे ओहळापलीकडचं घर. बाबांना वाचायला वेळ लागतो गं. पण घर कुठे आहे ते अंधारातसुद्धा सापडतं."

ज्याचं घर जिथे, त्याचे कागद तिथे. मला हे आवडलं, खोटं कशाला सांगू. नव्या कॉम्प्युटरमध्ये फोल्डरच्या आत असे आयकॉन हवे तिथे ठेवता येत नाहीत, ते आपापले ओळीत उभे राहतात. म्हणून हा जुना डबा जपलेला.

अडचण एकच. लाइट गेली-आली की स्क्रीनची मापं बदलतात आणि सगळी घरं डाव्या कोपऱ्यात येऊन गोळा होतात. तेरा वर्षांपूर्वी वापीच्या एका मेकॅनिकने त्यावर एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. दोन बटणं. एकाने मांडणी सेव्ह होते. दुसऱ्याने सेव्ह केलेली मांडणी परत लागते. पहिलं बटण सासरे वर्षातून एखाददा दाबतात, कोणी जन्मलं किंवा लग्न होऊन आलं तर. दुसरं रोज सकाळी नऊ वाजता. अगरबत्ती ओवाळायची, क्लिक करायचं. स्क्रीनला एक हिसका बसतो आणि घरं आपापल्या जागी.

"पाडा लावला," ते म्हणतात.

आत सासूबाई त्या वेळी हातातलं काम थांबवतात. पोळी तव्यावर असली तरी. हे दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, कारण पोळी करपायची आणि ती माझ्या पानात यायची.

३

घराच्या फोल्डरमध्ये माणसांचे फोल्डर. तेही मांडलेले. समोरच्या बाळ्याच्या घरात त्याची बायको रूपी चुलीच्या कोपऱ्यात, पोरं भिंतीकडे आणि बाळ्या अगदी दाराशी. दुकानातून मान वळवली की बाळ्या खरोखर तिथेच बसलेला दिसतो, दाराशी, ओटीवर. सासऱ्यांचं निरीक्षण चांगलं आहे, इतकंच मी तेव्हा मनात म्हटलं.

आमच्या घरात चार फोल्डर असायला हवे होते. तीनच होते. चौथा, 'निलम', मला बाहेर सापडला. पाड्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, ओहळाच्या पलीकडे, जिथे खऱ्या पाड्यात घर नाही, नुसतं गवत आहे.

याला कारण आहे आणि ते साधं आहे. ज्याची जागा सेव्ह नाही, त्याला प्रोग्राम पहिल्या रिकाम्या जागी टाकतो, आणि पहिली रिकामी जागा तीच. मला कॉम्प्युटर बरा येतो. तरी रोज नऊ वाजता सगळी आपापल्या घरी जातात आणि आपण एकटे गवतात, हे बघायला बरं वाटत नाही.

येत्या सोमवारी मी डहाणूला जाणार होते. नर्सिंगचा कोर्स, दोन वर्षं, राहायला हॉस्टेल, सुट्टीला घरी. लग्न ठरतानाच हे बोलणं झालं होतं. सासूबाई लगेच हो म्हणाल्या होत्या, इतक्या लगेच की माझ्या आईला संशय आला. मला कधी आला नव्हता. कोर्स हे एकच असं होतं जे मी स्वतः मागितलं होतं. आता पडद्याआडचं ते वाक्य ऐकल्यावर मला वाटलं, बरोबर, सून बाहेरच जाणार आहे, तर तिला घरात जागा कशाला.

४

दिवाळी झाली, भात घरात आलं की आमच्याकडचे पाडे रिकामे होतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बोटीवर, कोणी वापीच्या कंपनीत. माझ्या माहेरी, विवळवेढ्याजवळ, या दिवसांत निम्म्या दारांना कुलूप असतं. इथे मी एकही कुलूप पाहिलं नाही. सासरे ते कौतुकाने सांगतात.

"तेरा वर्षं झाली. आपल्या पाड्यातलं एक माणूस हललं नाय."

हलायला निघतात मात्र. बाळ्या वरोरला बोटीवर जाणार होता, सासूबाईंच्या भावाच्या ओळखीने. मंगळवारी सकाळी तो पिशवी घेऊन गेला. मंगळवारी दुपारी तो ओटीवर होता.

"काय हो, गेला नाहीत?" मी काउंटरवरून विचारलं.

"गाडी चुकली, बाय."

बुधवारीही गाडी चुकली. मला हसू आलं. संदीपची आठवण झाली. त्याने आयटीआय अर्धवट सोडलं त्याचं कारणही तो हेच सांगतो. मी त्याला म्हटलं होतं, तुमच्या पाड्याला घड्याळ घेऊन द्यायला पाहिजे.

गुरुवारी मी काउंटरवर होते. समोर रस्त्याकडेला खांबापाशी बाळ्या, त्याचा मेहुणा आणि बाजूच्या घरातली एक मुलगी, तिघं पिशव्या खाली ठेवून उभी. वळणावर नविनभाईची नऊची जीप दिसली. मागे सासऱ्यांनी अगरबत्ती ओवाळली. क्लिक झालं, काचेवर हिसका बसला.

खांबापाशी तिघांनी एकदम पिशव्या उचलल्या आणि पाठ फिरवली.

एकमेकांकडे बघितलं नाही, बोलली नाहीत. जीप खांबापाशी येऊन थांबली. "अरे बाळ्या, बेस ना!" नविनभाई ओरडला, दोनदा हॉर्न दिला, शिवी घातली आणि गेला. बाळ्या दुकानावरून गेला, माझ्यापासून हातभर अंतरावरून. शिंक येता येता अडकली की माणसाचा चेहरा होतो, तसा त्याचा होता.

"पाडा लावला," मागून सासरे म्हणाले.

मी बराच वेळ पेनं लावत बसले. बाळ्याला बोटीची भीती असेल. मेहुण्याने त्याला थांबवलं असेल, मुलगी त्यांच्याबरोबरच जाणार असेल. तिघांनी एकदम वळणं यात काय आहे, कवायतीत शाळेची शाळा वळते. असं सगळं मी स्वतःला नीट समजावलं आणि ते मला पटलं.

गाडी समोर उभी असताना ती चुकली कशी, एवढंच राहिलं.

५

शनिवारी दुपारी मी दुकानात एकटी होते. सासरे तलासरीला बँकेत, संदीप शाळेत फोटो द्यायला, सासूबाई ओहळावर. प्रिंटरची वायर पुन्हा ठिणग्या टाकत होती. दुसऱ्या आठवड्यात मीच जुन्या कॉम्प्युटरची वायर काढून प्रिंटरला लावून दाखवली होती. "अरे वा, दोघांना एकच लागते काय!" सासरे म्हणाले होते, आणि लगेच तालुक्याहून आणखी एक आणली होती. ती नवी मी प्रिंटरला जोडली, खराब फेकून दिली आणि काम संपलं.

मग मी 'पाडा' उघडला. कोपऱ्यात, गवतात, 'निलम'.

मी रागात नव्हते. ज्या घरात आपण झाडतो, पुसतो आणि करपलेली पोळी न बोलता खातो, तिथे चार बोटं जागा असावी, इतकंच. मी तो आयकॉन उचलून आमच्या घरात नेला. आधी संदीपशेजारी ठेवला. तिथे तो सासऱ्यांना दिसला असता आणि मला लाज वाटली असती. मग विचार केला, मी खरी बसते कुठे? मागच्या पायरीवर. दुपारी चहा घेऊन मी तिथे बसते, धुण्याच्या दगडाकडे तोंड करून. त्या घरातली तेवढीच जागा मला कोणी दिलेली नव्हती, मी शोधली होती.

आयकॉन तिथे ठेवला आणि पहिलं बटण दाबलं. जुनी मांडणी बदलायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी हो म्हटलं.

उद्या तो तिथेच राहतो की नाही ते कळावं म्हणून कपाळावरची काळी टिकली काढून काचेवर लावली, बरोबर आयकॉनवर.

६

रविवारी साडेनऊला सासूबाई कॉम्प्युटरची काच पुसायला आल्या आणि पुसता पुसता थांबल्या. त्यांना वाचता येत नाही. पण ते चित्र त्यांना पाठ आहे: चूल, ओटी, मागची पायरी. पाडा लागून गेला होता आणि मी आमच्या घराचा फोल्डर उघडून ठेवला होता. आयकॉन टिकलीखाली होता, केसभरही इकडेतिकडे नाही.

"ही टिकली तुझी?"

"हो."

"आणि खालचं?"

"तेपण मीच."

त्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या. ओलं फडकं मांडीवर तसंच.

"उद्या जायचंय ना तुला?"

"हो."

"मग मी त्यांना काय सांगत होते, येडे? पोरीला आधी जाऊ द्या, मग काय ठेवायचं ते ठेवा. ऐकलं होतंस ना तू? चहाचं भांडं मुद्दाम वाजवलं की मला कळतं."

मी काउंटरवरची पेनं सरळ केली. मला तसंही पटकन बोलता येत नाही.

"मी निघाले होते एकदा," त्या म्हणाल्या. "वरोरला, भावाकडे. आठ दिवस राहायचं म्हणून दोन लुगडी घेतली होती. अकरा वर्षं झाली. समुद्र कसा असतो, फोटोत बघते."

"मग गेला का नाहीत?"

"गाडी चुकली," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एक क्षण तसाच झाला, शिंक अडकल्यासारखा. मग त्यांनी काच पुसायला घेतली. टिकलीभोवतीनं पुसली.

त्या गेल्यावर मी 'निलम' उचलून पुन्हा कोपऱ्यात नेला आणि सेव्ह केलं. दुसरं बटण दाबून पाहिलं. हिसका बसला आणि आयकॉन टिकलीखाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग मी तो फोल्डर पुसूनच टाकला, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. आमच्या घरात तीन आयकॉन राहिले. टिकलीखाली नुसती पांढरी जागा.

हा प्रोग्राम फक्त जागा लक्षात ठेवतो. फोल्डर नाही. जो फोल्डर नाहीच, त्याला तो कुठे लावणार? हे मी स्वतःशी दोन वेळा म्हटलं आणि बटण दाबलं.

टिकलीखाली 'निलम' होता. उघडून पाहिला. आधार, लग्नाचा दाखला, फोटो.

संध्याकाळी सासऱ्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस. मीच ठेवणार होतो."

"बाबा, उद्या एक दिवस पाडा नाही लावला तर?"

"मग माणसं कशी सापडायची?" ते म्हणाले, आणि लगेच, "कागद, कागद."

७

सोमवारी सहाच्या आधी सासूबाईंनी मला उठवलं. नऊची नको, पहिली जीप पकड, म्हणाल्या. माझी बॅग त्यांनीच भरली, वर नाचणीच्या भाकऱ्या बांधून ठेवल्या. संदीप खांबापर्यंत आला. "शनिवारी घ्यायला येतो," तो म्हणाला, आणि दुकानाकडे बघून, "म्हणजे बघतो."

तलासरीला एसटी मिळाली. हायवेवर विवळवेढं आलं तेव्हा देवीला हात जोडले. डहाणूला पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. कोर्सच्या ऑफिसात रांग होती. समोर भिंतीवर घड्याळ. नऊ वाजले. नऊ वाजून दोन मिनिटं. पाच. माझे पाय जिथे होते तिथेच होते. पुढच्या मुलीने विचारलं, "काय झालं, हसतेस का?" मी म्हटलं, काही नाही, आमच्याकडे या वेळेला पोळी करपते.

सही केली. खोलीची किल्ली मिळाली, तिला पितळेचा बिल्ला, त्यावर आकडा. खाट खिडकीपाशी. खिडकीतून नारळाची दोन झाडं आणि त्यांच्यामधून पाण्याची एक पातळ रेघ. सासूबाईंना हिचा फोटो पाठवायचा, मी ठरवलं, आणि बॅग उघडली.

भाकऱ्यांखाली, माझ्या नव्या ओढणीत गुंडाळलेली एक काळी जाड वायर होती. जुन्या कॉम्प्युटरची.

त्यांनी ती पहाटेच उपटली होती आणि घरात कुठे सापडू नये म्हणून माझ्याबरोबर पाठवली होती. मी खाटेवर बसून ती वायर मांडीवर घेतली. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. चाळीस-पन्नास किलोमीटरवर सासरे अगरबत्ती घेऊन उभे असतील, वायर शोधत असतील, काउंटरखाली वाकून बघत असतील.

वायरचं टोक मी सहज फिरवून पाहिलं. तीन भोकं.

प्रिंटरलाही हीच लागते. मीच दाखवलं होतं.

बाहेर कोणीतरी बादली भरत होतं. मी किल्ली मुठीत घट्ट धरली. घड्याळ खोलीत नव्हतं. मोबाईल काढला तेव्हा नऊ एक्केचाळीस झाले होते.

८

चहावर साय आली होती. कप माझ्या हातात होता आणि तो गार होता. समोर धुण्याचा दगड, त्यावर ऊन.

ऊन अजून दगडाच्या अर्ध्यावरच होतं, म्हणजे दहाही वाजले नव्हते. पायात एकच चप्पल होती. बॅग शेजारी, पायरीला टेकवून, जशी मी ठेवली असती तशी. मी कुठल्या गाडीने आले असेन, याचा विचार मी शांतपणे करून पाहिला. एसटी, जीप, रिक्षा. तिकीट काढलेलं आठवत नव्हतं. नारळाची झाडं आठवत होती.

मागे वळून पाहिलं. घर सरळ आहे, पडदा वर बांधलेला होता. स्वयंपाकघर, मग दुकान, मग ती फुगीर काच. इतक्या लांबून आयकॉन दिसत नाहीत. काळा ठिपका दिसतो. तो ठिपका आणि मी एका रेषेत होतो, आणि एकदा मला असं वाटलं की काचेतल्या त्या पायरीवर कोणीतरी मान वळवून इकडे बघतंय. मग उजेड हलला.

दारात तिघं उभी होती. सासरे हसत होते, घर भरल्यासारखे. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दुकानात, प्रिंटरकडे बघत होत्या, त्याच्या मागून निघालेल्या वायरीच्या रिकाम्या जागेकडे.

"काय गं," संदीपने विचारलं, "गेली नाहीस?"

माझ्या मुठीत किल्ली होती. बिल्ल्याची कड तळव्यात रुतत होती. मी गेले होते. माझी खाट खिडकीपाशी आहे, तिथून समुद्र दिसतो, आई, मी तुमच्यासाठी फोटो काढणार होते. हे सगळं मी मनात जुळवलं. पाच आठवड्यांत मी त्या घरात इतकं लांब वाक्य कधी बोलले नव्हते, पण ते तयार होतं, ओठांपर्यंत आलं होतं. तिघंही थांबली होती. नाकात काहीतरी शिंकेसारखं आलं आणि अडकलं.

"गाडी चुकली," मी म्हणाले.